जॅझ ऐकायचंय, पण सुरुवात कुठून? पियानो, गिटार आणि गळा : कोल्हापुरी कानांसाठी मार्गदर्शक

गाणं कळणाऱ्या माणसांची कोल्हापुरात वानवा नाही. देवल क्लबच्या बैठकींत कान तयार झालेली, अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याची गायकी दोन आवर्तनांत ओळखणारी मंडळी इथं पेठापेठांत भेटतात. पण त्यांच्यापैकीच कुणाला ‘जरा जॅझ ऐकून बघावं’ असं वाटलं, तर विचारायचं कुणाला? मग इंटरनेटवर ‘शंभर सर्वश्रेष्ठ अल्बम’ छापाची यादी सापडते. माणूस पहिल्या क्रमांकापासून सुरू करतो आणि पाचव्या अल्बमपर्यंत ‘हे काही आपलं नव्हे’ म्हणून थांबतो.

त्या यादीत चूक काहीच नसते. ती ऐकून झालेल्यांसाठी असते, ऐकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी नाही. मी या वाटेनं गेले आहे. कुठे अडखळायला होतं ते ठाऊक झालंय, म्हणून हा क्रम लिहून ठेवते.

सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट ही जॅझची मानाची वाद्यं. तरीही मी पियानो, गिटार आणि गायन या तीन दारांनीच आत जायला सांगेन. घरोघरी पेटी असल्यानं पट्ट्या आपल्या ओळखीच्या आहेत, गिटार सिनेमाच्या गाण्यांतून कानावर पडलेली आहे आणि गळा तर आपला प्रांतच.

१. काय काय लागेल

- वायरचा बरा हेडफोन किंवा मोठे स्पीकर. फोनच्या स्पीकरवर जॅझ ऐकू नका. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तो आवाज काढताच येत नाही. बास गेला म्हणजे तबल्याच्या जोडीतला डग्गाच काढून घेतला.
- गाणी ऐकायचं कुठलंही ॲप, पण मध्ये जाहिराती न येणारं.
- ॲपमध्ये शफल बंद, ऑटोप्ले बंद, इक्वलायझर बंद.
- एक वही. प्रत्येक अल्बमवर कोणी काय वाजवलंय ते लिहायला. ॲपवर बहुतेक वेळा फक्त मुख्य कलाकाराचं नाव दिसतं, साथीदार शोधून काढावे लागतात. ही वही पुढे फार उपयोगी पडते.
- सलग चाळीस मिनिटं. जुन्या एलपीच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटं मावत, त्यामुळे बरेचसे अल्बम तेवढेच आहेत.

इथला पहिला सापळा म्हणजे ‘कॉफी शॉप जॅझ’, ‘पावसातला जॅझ’ अशा नावांचे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ. त्यात वादकाचं नाव नसतं, सालही नसतं आणि हल्ली त्यातलं पुष्कळ यंत्रानं तयार केलेलं असतं. अभ्यास करताना मागे लावायला ठीक, पण त्यातून कान तयार होत नाही. कोण वाजवतंय ते लिहिलेलं नसेल तर पुढे चला.

२. आधी आवर्तन धरा

ही पायरी घाईत उरकू नका. बाकीचं सगळं हिच्यावर उभं आहे.

जॅझ म्हणजे मनाला येईल तसं वाजवणं, असा समज घेऊन बसलात तर सगळा गोंधळच ऐकू येईल. प्रत्यक्षात आवर्तन पक्कं असतं. बहुतेक रचना ४-४ मात्रांच्या बारमध्ये बांधलेल्या असतात. असे ३२ बार झाले की एक फेरी पुरी होते, तिला ‘कोरस’ म्हणतात. या ३२ बारांचे ८-८ चे चार भाग पडतात : पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. ब्लूज या प्रकारातली रचना असेल तर फेरी १२ बारांची, म्हणजे ४८ मात्रांची. सुरुवातीला सगळे मिळून मूळ धून वाजवतात, मग एकेकजण त्याच फेरीवर आपला विस्तार करतो, त्याला सोलो म्हणतात. शेवटी पुन्हा धून. म्हणजे अस्थाई मांडली, बढत केली आणि मुखड्यावर आलो, हा हिशेब आपल्याला नवा नाही.

सरावासाठी माइल्स डेव्हिसचा १९५९ चा ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. अल्बम ट्रम्पेटवाल्याचा आहे, पण आपलं लक्ष पियानोवर. पहिली रचना ‘सो व्हॉट’. सुरुवातीला पियानो आणि बास लय न धरता जरा रेंगाळतात, मग बास धून उचलतो आणि बाकीचे दोन आघातांत त्याला उत्तर देतात. तिथून बोटांवर मोजायला लागा. १६ बार झाल्यावर अख्खा डोलारा लगतच्या वरच्या पट्टीवर सरकतो, ८ बार तिथं राहतो आणि परत खाली येतो. हे सरकणं तुम्हाला न मोजता ओळखू येऊ लागलं की पायरी चढलात म्हणायचं. दुसऱ्या दिवशी त्याच अल्बमवरची ‘फ्रेडी फ्रीलोडर’ ऐका. ती १२ बारांचा ब्लूज. तिथं पियानोवर विंटन केली आहे, बाकी सगळीकडे बिल एव्हान्स. केली लय उसळवत नेतो, एव्हान्स सूर ठेवून देतो आणि बाजूला होतो. दोघांतला हा फरक नुसता ऐकून सांगता आला तर वहीत तारीख घालून ठेवा.

आता आपल्याला हमखास नडणारी गोष्ट : तानपुरा. आपल्या संगीतात षड्ज हलत नाही. जॅझमध्ये पायाखालची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ, दर एक-दोन बारांनी बदलते आणि वादक त्या बदलत्या जमिनीवर स्वर निवडत चालतो. पहिले काही दिवस यानं गरगरल्यासारखं होतं. ‘सो व्हॉट’पासून सुरू करा असं म्हणण्याचं कारण हेच की तिथं जमीन बराच वेळ स्थिर असते. त्यातले स्वर बघितले तर आपला काफी थाट निघतो. पण थाट सापडला म्हणून काफीचं चलन शोधत बसू नका. ‘हे अमक्या रागासारखं वाटतंय’ हा खेळ जॅझ ऐकणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक माणसाचा पाय ओढतो. स्वर जुळतात, पकड जुळत नाही आणि त्या नादात सोलो निसटून जातो.

३. पियानो

सुरुवात ऑस्कर पीटरसनच्या ‘नाइट ट्रेन’नं करा. हा कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा पियानिस्ट. ध्वनिमुद्रण डिसेंबर १९६२ चं, बासवर रे ब्राउन, ड्रम्सवर एड थिग्पेन. यातली दुसरी रचना ‘सी जॅम ब्लूज’ ड्यूक एलिंग्टनची आहे आणि तिची धून दोनच स्वरांची आहे, पंचम आणि षड्ज. पेटी असेल तर स्वतः वाजवून बघा, दोन मिनिटांत बसते. मग त्या दोन स्वरांवरून पीटरसन कुठल्या कुठे जातो ते ऐका. बोटांची तयारी अशी की पहिल्यांदा ऐकताना हसू येतं.

नंतर लगेच अहमद जमालचा ‘ॲट द पर्शिंग’. शिकागोतल्या हॉटेलात जानेवारी १९५८ मध्ये श्रोत्यांसमोर केलेलं ध्वनिमुद्रण. पीटरसन जागा भरतो, जमाल जागा सोडतो. त्यातली ‘पॉइन्सियाना’ आठेक मिनिटांची आहे आणि तिच्यात पियानो कितीतरी वेळा गप्प बसतो. हा अल्बम अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत दोन वर्षांहून जास्त काळ टिकला, आणि माइल्स डेव्हिस तर जमालच्या या मोकळ्या जागांचा उघड चाहता होता.

डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’ (१९५९) तालाच्या माणसांनी चुकवू नये. ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांची, ३ अधिक २ अशी. ती रचली सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडनं. ‘ब्लू रोंडो आ ला टर्क’ नऊ मात्रांची, पण २-२-२-३ अशी तोडलेली. ही तोडणी ब्रुबेकनं तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकली होती. १९५८ च्या त्याच दौऱ्यात तो भारतातही आला होता. आमच्या ओळखीत शिवाजी पेठेतले एक तबला वाजवणारे काका आहेत. जॅझ म्हटलं की कपाळावर आठी. त्यांना ‘टेक फाइव्ह’मधला ड्रमचा सोलो ऐकवला. पियानो एकच तुकडा परत परत वाजवतोय आणि त्यावर जो मोरेलो ड्रम्सवर खेळतोय. काका थोडा वेळ मांडीवर हात आपटत राहिले आणि म्हणाले, “अगं पोरी, हा तर लेहरा धरलाय की गं! मग सांगायचं नाही का आधी?” त्यापुढचा अर्धा तास त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

इतकं झालं की बिल एव्हान्सचा ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड नावाच्या तळघरातल्या क्लबात २५ जून १९६१ च्या रविवारी दुपारपासून रात्रीपर्यंत झालेल्या वादनातून हा अल्बम आणि ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ असे दोन निघाले. बासवर स्कॉट लफारो, ड्रम्सवर पॉल मोशियन. मागे पेल्यांची किणकिण आणि लोकांची कुजबूज ऐकू येते, तुमचा हेडफोन बिघडलेला नाही. या त्रिकुटात बास नुसती साथ करत नाही, पियानोशी बोलतो, मध्येच त्याचं वाक्य तोडतो. एकदा अख्खा अल्बम फक्त बासकडे कान ठेवून ऐका, पियानो आपोआप ऐकू येईलच. शीर्षकाची रचना तीन मात्रांत सुरू होते आणि पुढे चारमध्ये जाते, तो सांधा शोधा. या ध्वनिमुद्रणानंतर अकरा दिवसांनी लफारो मोटार अपघातात गेला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी.

सापळा : ॲपवर याच दिवसाचा ‘संपूर्ण’ संच मिळतो. त्यात एकेका रचनेची दोन-दोन, तीन-तीन रूपं आहेत. पहिल्यांदा तो घेऊ नका. मूळ एलपीवर सहाच रचना होत्या, तेवढ्याच त्या क्रमानं ऐका. जवळजवळ प्रत्येक जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्तीला मागे असं शेपूट जोडलेलं असतं.

थेलोनियस मंक पहिल्यांदा खटकतो. वाटतं, याचं बोट घसरतंय. दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबतो, भलत्या जागी थांबतो. पण पेटी गाण्याला चालते का, या जुन्या वादाशी परिचय असलेल्या माणसाला मंकची अडचण लवकर कळावी : दोन पट्ट्यांच्या मधला सूर वाद्यात नाहीच. मींड घेता येत नाही. मंक त्या दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आपटून मधल्या सुराचा भास तयार करतो, निदान मला तरी ते तसं ऐकू येतं. ‘मंक्स ड्रीम’ (१९६३) पासून सुरू करा, त्यात चार्ली राउझचा सॅक्सोफोन हात धरायला आहे. मग एकट्याच्या पियानोचा ‘थेलोनियस अलोन इन सॅन फ्रान्सिस्को’ (१९५९). मंक पहिल्या दिवशी आवडला नाही तर महिनाभर बाजूला ठेवा आणि परत या. मला तरी आज कपाटातला एकच पियानिस्ट ठेवायला सांगितला तर मी याला ठेवीन.

कीथ जॅरेटचा ‘द कोलोन कॉन्सर्ट’ तुम्हाला कुणीतरी पहिल्याच दिवशी सुचवेल. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतलं कोलोनचं ऑपेरा हाउस, रंगमंचावर मागितलेल्या पियानोच्या जागी भलताच, लहान आणि बेसूर पियानो. जॅरेट निघून चालला होता. वेरा ब्रांडेस या किशोरवयीन आयोजिकेनं त्याची समजूत काढली. वरचे आणि खालचे सूर नीट बोलत नव्हते म्हणून तो मधल्या सप्तकात घुटमळत राहिला आणि डाव्या हातानं तेच तेच ठेके धरत गेला. अल्बमची मोहिनी बरीचशी त्यातच आहे. सगळं जागच्या जागी सुचलेलं, आलाप रंगत जावा तसं. इतका आपल्या जवळचा अल्बम मी शेवटी का ठेवते? कारण हा ऐकून तृप्त झालेली माणसं पुढे जातच नाहीत आणि जॅझचं आवर्तन त्यांच्या कानात कधी बसत नाही. वादनात कण्हण्या-गुणगुणण्याचे आवाज येतात, ते खुद्द जॅरेटचे.

४. गिटार

रॉकची गिटार डोक्यातून काढा. इथं आवाज गोल, जरा दबका, लाकडाचा असतो.

केनी बरेलचा ‘मिडनाइट ब्लू’ (१९६३) पहिला. या अल्बमवर पियानोच नाही, त्यामुळे गिटारला हातपाय पसरायला ऐसपैस जागा मिळालीय. रे बॅरेटोचे कोंगा ड्रम्स आणि स्टॅनली टरेंटाइनचा सॅक्सोफोन. रात्री जेवणं आटोपल्यावर लावा, घरातलं कुणी ‘बंद कर’ म्हणणार नाही. ग्रँट ग्रीनचा ‘आयडल मोमेंट्स’ही याच वळणाचा. त्यातली शीर्षकाची रचना जवळपास १५ मिनिटांची झाली, कारण फेरी किती बारांची धरायची याबद्दल वादकांत गैरसमज झाला आणि प्रत्येकानं दुप्पट वाजवलं. भाग्यच म्हणायचं.

मग वेस मॉन्टगोमरी. ‘दि इन्क्रेडिबल जॅझ गिटार’, १९६०. इंडियानापोलिसचा, स्वतःच शिकलेला, प्लेक्ट्रम म्हणजे तार छेडायची नखी न वापरता अंगठ्यानं वाजवणारा. त्याच्या अनेक सोलोंना तीन मजले असतात. आधी एकेक सूर, मग तोच विचार दोन सप्तकांत एकदम म्हणजे ऑक्टेव्हमध्ये, मग पूर्ण कॉर्डमध्ये. बढत म्हणजे काय हे ज्याला वेगळं सांगावं लागत नाही, त्याला वेस लगेच कळतो. ‘फोर ऑन सिक्स’ लावा आणि मजला कधी बदलतो ते पकडा.

जँगो राइनहार्टला मागे जावं लागतं. १९२८ साली राहत्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं जे उभं केलं ते ऐकताना हे आठवतसुद्धा नाही. १९३४ मध्ये पॅरिसात स्टेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनसोबत जमलेल्या त्याच्या चमूत तीन गिटार, एक व्हायोलिन, एक बास होते, ड्रम्स नव्हतेच. ही मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांची दुनिया, तीन-साडेतीन मिनिटांत सगळं. शेजारच्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ज्यांनी खरखरीसकट जिवापाड ऐकल्यात, त्यांना या खरखरीचं काही वाटणार नाही. अडचण एवढीच की हा काळ एलपीच्या आधीचा, त्यामुळे ‘अल्बम’ असा नाही आणि संकलनं ढिगानं आहेत. ‘हॉट क्लब दे फ्रान्स’ या त्याच्या चमूच्या नावाचा उल्लेख आणि ध्वनिमुद्रणाची सालं दिलेलं संकलन निवडा.

‘अंडरकरंट’ (१९६२) : बिल एव्हान्स आणि जिम हॉल. पियानो आणि गिटार, बाकी कुणी नाही. ही दोन्ही वाद्यं एकमेकांच्या पायात पाय घालण्यासाठी प्रसिद्ध, कारण दोघांनाही कॉर्ड वाजवता येतात. इथं एकजण पुढे आला की दुसरा कसा अंग चोरतो, ते ऐका. जो पासचा ‘व्हर्च्युओसो’ म्हणजे एकटी गिटार, बासही तीच, कॉर्डही तीच, धूनही तीच. गिटार वाजवत असाल तर आत्ता ऐका, नाहीतर सावकाश. पॅट मेथिनीचा ‘ब्राइट साइझ लाइफ’ (१९७६) तरुण कानांना चटकन पकडतो.

गिटारवाल्या जॉन मॅक्लॉफलिनच्या ‘शक्ती’ या चमूचं काय? झाकीर हुसेनचा तबला, एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकरामचा घटम आणि तरफेच्या तारा बसवलेली गिटार. १९७६ चा पहिला अल्बम थरारक आहे, जरूर ऐका. पण जॅझ शिकायचं म्हणून तिथून सुरुवात करू नका. त्यातलं आपल्याला जे कळतं ते आपलंच असतं.

५. गळा

गायनात आपण सवयीनं तान, फिरत, तयारी शोधतो. इथं आधी शब्द मात्रेच्या किती मागे टाकलाय ते ऐका.

‘एला अँड लुई’ (१९५६) : एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग. एक आवाज पाण्यासारखा नितळ, दुसरा खरबरीत, आणि मागे ऑस्कर पीटरसनचा चमू. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी चालतं. हवं तर आधी एकदा बोल वाचून घ्या, ही गाणी बहुतेक जुन्या नाटका-सिनेमांतली आहेत, नाट्यपदं मैफलीत यावीत तशी इथं आलेली.

त्यानंतर ‘एला इन बर्लिन’, फेब्रुवारी १९६०. ‘मॅक द नाइफ’ गाता गाता एला शब्द विसरते, तेही सुरातच कबूल करते आणि तिथल्या तिथं नवे शब्द रचत गाणं पार करते. ‘हाऊ हाय द मून’मध्ये अर्थ नसलेल्या अक्षरांवर तिनं जे केलंय त्याला स्कॅट म्हणतात. तराण्याची आठवण होते खरी, पण तराण्याचे बोल ठरलेले असतात आणि इथं ती ट्रम्पेट-सॅक्सोफोनची भाषा गळ्यातून बोलतेय. गिटारवर कोण आहे बघा : जिम हॉल. वहीत आधीच असेल.

बिली हॉलिडेबाबत एक गोष्ट ठामपणे सांगते. ‘लेडी इन सॅटिन’ (१९५८) पहिल्यांदा ऐकू नका, यादीत कितीही वर असो. तिच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीचा तो अल्बम, आवाज झिजलेला. आधी १९३० च्या दशकातली टेडी विल्सनच्या पियानोबरोबरची गाणी ऐका. ती गाणी तेव्हाच्या बाजारू धाटणीची, काही अगदीच सुमार. पण बिली चाल मोडून दोन-तीन स्वरांवर आणते आणि शब्द असा उशिरा टाकते की सुमार ओळीलाही वजन येतं. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन जिथं असेल ती गाणी आधी. हे कानात मुरल्यावर ‘लेडी इन सॅटिन’ लावलंत, तर काय गेलं आणि काय उरलं ते कळेल.

सारा व्हॉनचा ट्रम्पेटवाल्या क्लिफर्ड ब्राउनबरोबरचा डिसेंबर १९५४ चा अल्बम तयारीच्या गळ्याच्या चाहत्यांसाठी. गायक जॉनी हार्टमन आणि सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन यांचा १९६३ चा अल्बम सहा गाण्यांचा, जेमतेम अर्ध्या तासाचा. पुरुषी, जड, शांत आवाज आणि त्याच्या अवतीभवती सॅक्सोफोन. नीना सिमोनच्या ‘लिटल गर्ल ब्लू’वर पियानोही तिचाच. पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोवादक व्हायचं होतं तिला. ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’च्या मध्यात ती सरळ बाखच्या धाटणीत शिरते. चेट बेकर ऐकायला गोड, मला फार वेळ पुरत नाही.

आणि आपली मुंबईची आशा पुथली. सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ (१९७२) या आडदांड अल्बमवर तिची दोन गाणी आहेत. अल्बम नवख्यांसाठी नाही, पण ती दोन गाणी शोधून ऐका.

६. हे आपल्याकडे आधीच आलंय

घरात कुणी ‘हे परदेशी कशाला’ म्हणालं, तर सी. रामचंद्रांची पन्नाशीच्या दशकातली गाणी लावा. चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक रात्री मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी. त्याआधी, तिशीच्या दशकात, टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानिस्ट मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यावर अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि लुई आर्मस्ट्राँगचा ‘मेलँकली ब्लूज’ही. इतकं पुरे.

७. एलपी घ्यायची का?

लगेच नको. नवी आयात एलपी हजारांच्या घरात जाते. आधी ॲपवर ऐकून जे चार-पाच अल्बम परत परत लावावेसे वाटतात, तेवढेच घ्या.

दोन सापळे. युरोपात १९६२ आणि त्याआधी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपलेत, त्यामुळे कुणीही छापतो. ‘एकात तीन अल्बम’ अशा स्वस्त आवृत्त्यांत मूळ टेप वापरली की सीडीवरून उतरवलं, ते लिहिलेलं नसतं. कव्हरच्या मागे ध्वनिमुद्रणाची तारीख, वादकांची नावं आणि मूळ कंपनी असेल तरच पैसे मोजा.

दुसरा सापळा आपल्या पावसाचा. जूनपासून पुढे इथल्या घरांत भिंतींना ओल येते आणि एलपीच्या आतल्या कागदी पाकिटावर बुरशी धरते. पाकिटं बदलून आतून प्लास्टिक असलेली घाला, तबकड्या उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, पाऊस उघडला की एखाददिवस हवा लागू द्या. जुनी एलपी विकत घेताना ती उजेडात तिरकी धरून बघा, बुरशीचे पांढरट ठिपके सरळ दिसतात.

प्रत्यक्ष ऐकायचं तर सध्या मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. ३० एप्रिल हा युनेस्कोनं ठरवलेला जॅझ दिन, त्याच्या आगेमागे मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राचं वेळापत्रक चाळा. महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं आधी काढून ठेवा, सुट्टीचे दिवस असतात.

८. पुढचा अल्बम वहीतून काढा

इथून पुढे याद्या बंद. आवडलेल्या अल्बमवरचा एक साथीदार उचला आणि त्याच्या मागे जा. तिन्ही दारं आतून एकमेकांना जोडलेली आहेत, ते तेव्हा कळतं. विंटन केली ‘फ्रेडी फ्रीलोडर’वर भेटला होता, तोच १९६५ मध्ये वेस मॉन्टगोमरीबरोबर ‘स्मोकिन ॲट द हाफ नोट’वर आहे. रे ब्राउनचा बास पीटरसनकडे ऐकलात, तोच ‘एला अँड लुई’च्या खाली चालतोय. बिल एव्हान्स १९७५ मध्ये टोनी बेनेट या गायकाबरोबर एकटाच बसलाय, साथ कशी करावी याचा तो धडाच आहे.

माझ्या वहीतलं सर्वांत लांब गेलेलं नाव टॉमी फ्लॅनगन. वेसच्या १९६० च्या अल्बमवर पियानो त्याचा आहे. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत त्यानं एलाला वर्षानुवर्षं साथ केली. आणि १९५९ मध्ये जॉन कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’च्या ध्वनिमुद्रणालाही तोच होता. त्या रचनेत कॉर्ड इतक्या भराभर बदलतात की कोल्ट्रेन सुसाट निघून जातो आणि फ्लॅनगन सोलोत अडखळतो, तुटक होतो, शेवटी नुसत्या कॉर्ड धरतो. तबकडीवर ते तसंच राहिलं. १९८२ मध्ये कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ त्यानं आपल्या त्रिकुटाचा अल्बम केला आणि त्यात ही रचना पुन्हा वाजवली. दोन्ही लागोपाठ ऐका, आधी १९५९ ची.